काट्यावर साठ, रस्त्यावर बहात्तर

पहिली नोटीस आली तेव्हा ताई चक्क हसली. एकोणीस वर्षं ट्रक चालवणारी बाई ती. हमरस्त्यावरचे ड्रायव्हर तोंडावर तिला ताई म्हणायचे आणि पाठीमागे 'साठवाली', कारण पाटीवर साठ लिहिलेलं असलं की ही बया एकसष्टाला शिवायची नाही, मागून कुणी कितीही हॉर्न बडवू दे. आणि नोटीस काय म्हणते, तर तुमचा ट्रक साठच्या रस्त्यावर बहात्तरच्या वेगाने सापडला. सोबत फोटो. फोटोत तिचाच ट्रक, तिचीच निळी ताडपत्री आणि काचेमागे तिचंच कपाळ, आठ्यांसकट.

"त्या कॅमेऱ्याला चष्मा लावा म्हणावं," असं म्हणून तिने नोटीस फ्रीजवर टाकून दिली.

पण दोन दिवसांनी गाडी चालवता चालवता मनात किडा वळवळायला लागला. वडिलांनी शिकवलेली एक युक्ती तिला ठाऊक होती. काटा साठवर धरायचा आणि रस्त्याकडेच्या एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत सेकंद मोजायचे. साठ भरले तर काटा खरा. तिने मोजले. पन्नासातच पुढचा दगड आला. पुन्हा मोजले, पुन्हा पन्नास. आता मात्र हसू आलं नाही.

कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. महिन्याभरापूर्वी तिने खाणीच्या चढावरचं काम सोडून सपाट रस्त्याचं लांब पल्ल्याचं काम धरलं होतं. म्हणून मोठ्या भावाने, दादाने, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलमधले दाते बदलून दिले, इंजिन कमी ओरडावं म्हणून. धाकट्या भावाने, बारक्याने, आधीपेक्षा मोठे टायर चढवले. दोघांनीही काम चोख केलं. फक्त मीटरला कुणी काही सांगितलं नाही. मीटरला बिचाऱ्याला रस्ता दिसत नाही. गिअरबॉक्सच्या शेपटाशी एक छोटी प्लास्टिकची दातेरी गरारी असते, ती केबल फिरवते आणि केबल काटा हलवते. ती गरारी जुन्या दात्यांच्या आणि जुन्या टायरच्या हिशोबाने बसवलेली. आता चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापत होतं आणि गरारी उलट कमी फिरत होती. काट्यावर साठ, रस्त्यावर बहात्तर.

एवढ्याशा गोष्टीसाठी दोन भाऊ असलेल्या बहिणीला काय त्रास व्हावा? झाला. कारण हे दोघे भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

वडिलांची एक मोठी शेड होती. तिच्या मधोमध आता पत्रे ठोकलेले. पत्र्याच्या डावीकडे दादा, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलवाला. उजवीकडे बारक्या, टायरवाला. पुढचं अंगण एक, पाण्याचा नळ एक. दादा आठच्या आत पाणी भरायचा, बारक्या आठनंतर, आणि हे असं कुणी कधी ठरवलं होतं ते देवाला ठाऊक. बारक्याला खोकला झाला तर पत्र्यापलीकडे दादाला ऐकू यायचं. मग संध्याकाळी दादा बहिणीला फोन करून सांगायचा, "त्याला म्हणावं औषध घे." पत्र्यावर टकटक करून सांगायला काय हाताला मेंदी लागली होती?

ताई आधी दादाकडे गेली. दादा एका ट्रकखाली उताणा, बाहेर नुसते बूट. तिने सगळं सांगितलं. बूट हलले.

"बघतो," खालून आवाज आला.

मग ती वळसा घालून बारक्याकडे गेली. तो रिमवर हातोडा मारत होता. त्यालाही सगळं सांगितलं.

"बघतो, ताई," तो म्हणाला.

सोमवारी ट्रक ऑइल बदलायला दादाकडे होता, मंगळवारी हवा-पंक्चर बघायला बारक्याकडे. दोघांनी चावी देताना एकच वाक्य म्हटलं, "झालं, आता काळजी सोड." एका आईची लेकरं, बोलणार तरी वेगळं काय! काय झालं, कसं झालं, हे तिने विचारलं नाही. दोघांनी 'झालं' म्हटलं म्हणजे नक्कीच झालं असणार, असं तिला वाटलं. ही तिची चूक, आणि ती तिने पुढे कबूलही केली.

बुधवारी ती रस्त्याला लागली. काटा साठवर. आणि सगळं जग तिला मागे टाकून पुढे निघालं. टँकर गेला, कोंबड्यांचा टेम्पो गेला, शाळेची बस गेली आणि बसमधल्या पोरांनी मागच्या काचेतून तिला वाकुल्या दाखवल्या. शेवटी एक ट्रॅक्टर मागून आला, थोडा वेळ बरोबरीने चालला, ट्रॅक्टरवाल्याने तिच्याकडे काळजीने पाहिलं आणि ओरडून विचारलं, "ताई, काही बिघडलंय का?"

तिने दगड मोजले. त्र्याहत्तर सेकंद. म्हणजे काटा साठ म्हणतोय आणि गाडी पन्नासलाही पोचत नाहीये! माल दीड तास उशिरा पोचला. गोदामाचा मुकादम दारातच उभा होता. "वाटेत झोप काढलीत का?" एवढंच तो म्हणाला, पण साठवालीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं बोललं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिथूनच तिने दोघांना फोन लावले. आपला साधा बटणांचा फोन, आणि बटणं अशी दाबली की आत जातील.

"दादा, काय करून ठेवलंस? मीटर आता जास्त दाखवतोय! होतं ते बरं होतं!"

"जास्त? शक्यच नाही. बरं. बघतो."

"बारक्या, तू काय केलंस रे बाबा? ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला, ट्रॅक्टर!"

"काय सांगतेस! थांब, परत आलीस की बघतो."

परत आल्यावर दोघांनी पुन्हा बघितलं. दोघांनी पुन्हा चावी दिली. "झालं." ताई इतकी दमली होती की तिने दगड मोजले नाहीत. शुक्रवारी काटा साठवर धरून निवांत गेली. पुढच्या आठवड्यात दुसरी नोटीस आली. वेग: बहात्तर. फोटोत तीच ताडपत्री, तेच कपाळ, आठ्या मात्र वाढलेल्या.

दुसऱ्या नोटिशीबरोबर परिवहन कार्यालयात हजर राहण्याचं बोलावणंही होतं. तिथले साहेब बारीक चणीचे, शांत आणि कुणाचंच खरं न मानणारे.

"मीटर बिघडलाय," ताई म्हणाली.

"सगळ्यांचेच बिघडतात," साहेब म्हणाले. त्यांनी तिची फाइल उघडली, एकोणीस वर्षांची, कोरी करकरीत. ती बघून मात्र ते जरा थबकले. "असं करा बाई. या शुक्रवारी अकरा वाजता ट्रक घेऊन या. आमच्याकडे मोजलेला किलोमीटर आहे. मी शेजारी बसेन. काय बदललं होतं, त्यासाठी काय दुरुस्त केलं, हे एका कागदावर लिहून आणा. ज्यांनी ज्यांनी गाडीला हात लावला त्यांच्या सह्या हव्यात. काटा खरा निघाला तर दोन्ही नोटिसा रद्द. नाहीतर लायसन सहा महिने माझ्या कपाटात."

सहा महिने! गोदामवाला सहा दिवस थांबायचा नाही, तिच्या रस्त्यावर दुसरा ट्रक लावून मोकळा होईल. आणि काम मिळेलही पुन्हा, पण ती कोरी फाइल? वडील बत्तीस वर्षं गाडी चालवून कोरी फाइल ठेवून गेले होते. तिला स्टिअरिंगवर बसवताना त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. 

गुरुवारी सकाळी तिने स्वतःच टॉर्च घेतला आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. मीटरच्या मागे, केबल जिथे शिरते तिथे, दोन ताजी भोकं होती. काहीतरी बसवून पुन्हा काढलेलं. ती तशीच बारक्यासमोर जाऊन उभी राहिली.

"इथे काय होतं?"

"डबी," बारक्या म्हणाला. "केबल जास्त फिरवणारी छोटी डबी मिळते मीटरमागे लावायला. दात्यांचा आणि टायरचा, दोन्हीचा फरक काढून बरोब्बर बसवली होती. मग तूच ओरडलीस जास्त दाखवतोय म्हणून. काढून टाकली."

ती वळसा घालून दादाकडे गेली. "तू काय केलं होतंस?"

"एकवीस दात्यांची गरारी काढून सतराची घातली. कमी दात्यांची जोरात फिरते. टायर मोठे केलेत ते दिसले मला, डोळे आहेत. दोन्हीचा हिशोब करूनच घातली होती. पण तू फोनवर आकाशपाताळ एक केलंस, म्हणून पुन्हा जुनी एकवीसचीच लावली."

ताई अंगणात नळाशी जाऊन उभी राहिली. दोघांनी दुरुस्त केलं होतं. दोघांनीही पूर्ण दुरुस्त केलं होतं. म्हणून दुप्पट झालं. मग दोघांनी ते काढलं. दोघांनीही पूर्ण काढलं! म्हणजे दोन हुशार माणसांनी मिळून, चार वेळा पाने चालवून, गाडी पहिल्या दिवशी होती तशी आणून ठेवली होती. कारण काय, तर मध्ये एक पत्रा.

"अरे, माणसं आहात की कोण आहात!" ती अंगणातूनच ओरडली. शेजारचा चहावाला बाहेर येऊन बघायला लागला.

ती ट्रकमध्ये चढली, ट्रक वळवला आणि अंगणात असा आडवा लावला की ना डावीकडे कुणाची गाडी शिरेल, ना उजवीकडून कुणाची निघेल. चावी काढून मुठीत धरली.

"एकाने सतराची गरारी घातली, दुसऱ्याने वर डबी लावली! या बाहेर. दोघेही. उद्या अकराला माझं लायसन जाणार आहे. दोघे मिळून हात लावेपर्यंत हा ट्रक इथून हलणार नाही."

दादा हात पुसत आला. बारक्या हात न पुसता आला. दोघे ट्रकच्या दोन बाजूंना उभे राहिले, तिच्याकडे बघत.

"त्याला सांग," दादा म्हणाला, "की नुसत्या अंदाजाने उपयोग नाही. केबल सोडवून मोजावं लागेल."

"तूच सांग. तुझ्यापासून सहा हातांवर उभा आहे. आजपासून मी कुणाचे निरोप पोचवणार नाही. चार वर्षं पोस्टमन झाले मी तुमची, पुरे झालं."

मोजायची रीत सोपी होती, पण एकट्याने होण्यासारखी नव्हती. दादा केबिनमध्ये तिच्या शेजारी बसला. मीटरमधून सोडवलेलं केबलचं टोक त्याच्या हातात, त्याला कागदाची चिंधी बांधलेली, म्हणजे फेरे डोळ्याला दिसावेत. मागच्या चाकावर बारक्याने खडूने रेघ मारली. ताईने ट्रक मुंगीच्या पावलाने पुढच्या गल्लीत सरळ न्यायचा, बारक्याने चाकाशेजारून चालत चाकाचे दहा फेरे मोजायचे, तेवढ्यात चिंधी किती वेळा फिरली ते दादाने मोजायचं. दहा फेऱ्यांत रस्ता किती कापला ते नंतर टेपने मापायचं.

ट्रक हलला. खालून बारक्याचा आवाज नाही, वर दादाचा आवाज नाही.

"अरे मोठ्याने मोजा की! मला थांबायचं कधी ते कसं कळणार?"

"एक," बारक्या खालून म्हणाला, जीव गेल्यासारखा.

तीनपर्यंत नीट गेलं. मग शेजारच्या गल्लीतून एक सायकलवाला आडवा आला, ताईने ब्रेक मारला आणि दादाची मोजणी चुकली. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने काचेबाहेर पाहिलं. एक कावळा, एक विजेचा खांब, फार बघण्यासारखं होतं बाहेर. दादाने दोनदा घसा खाकरला.

"पुन्हा!" शेवटी तो खिडकीतून डोकं काढून ओरडला. "पहिल्यापासून!"

खाली बारक्या थांबला. चार वर्षांत दादाने त्याला उद्देशून बोललेला हा पहिला शब्द होता. त्याने मान खाली घातली, पुसलेल्या खडूवर पुन्हा खडू ओढला आणि म्हणाला, "हं. चल."

दहा फेऱ्यांत बत्तीस मीटर साठ. चिंधीचे फेरे सोळा आणि वर पाऊण. मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की एका किलोमीटरला केबल सहाशे वीस वेळा फिरायला हवी. ताईने नोटिशीच्याच मागे गुणाकार केला. हवे होते वीस आणि थोडे.

"अठराची टाकू," दादा म्हणाला. "साडेएकोणीस येतील."

"सतराची टाक," बारक्या म्हणाला, अजून टायरकडेच बघत. "अठराची टाकलीस तर काटा खऱ्यापेक्षा कमीच दाखवणार. साहेब कमी दाखवलेलं खपवून घेणार नाही. किंचित जास्त दाखवलं तर कुणाचं काय जातं? आधी तू सतराचीच टाकली होतीस ना? मग बरोबर होती की ती."

"बरोबर होती ना? मग तू वर डबी कशाला लावलीस? लावायची होती तर मला कळवायचंस."

बारक्याने मान वर केली. "कळवायचं? तू मला सांगतोस कळवायला?"

झालं. जिथे जायचं नव्हतं तिथेच घोडं आलं. चार वर्षांपूर्वी वडिलांना दवाखान्यात नेलं तेव्हा दादा त्यांच्याजवळ होता. ताई माल घेऊन दोनशे किलोमीटरवर होती, दादाने तिला फोन केला. बारक्या तेव्हा शेजारच्या गावात टायरच्या दुकानात कामाला होता, त्याला कुणीच केला नाही. त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी एका गिऱ्हाइकाने सांगितलं, टायर बदलून घेता घेता, की तुमच्या वडिलांचं कळलं, वाईट झालं. तो तसाच हातातला पाना घेऊन धावला होता. पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

"मला वाटलं चिमी कळवेल," दादा म्हणाला. चिमी म्हणजे ताई. आवाज एकदम बारीक झाला होता त्याचा. "माझं डोकं ठिकाणावर नव्हतं रे त्या वेळी, मला काही सुचत नव्हतं."

"आणि मला वाटलं दादाने तुला आधीच केला असेल," ताई म्हणाली. हे ती चार वर्षांत कधी बोलली नव्हती. हे दोघे एकमेकांवर रागावले होते आणि ती मध्ये शहाणी बनून निरोप पोचवत राहिली होती. "बारक्या, चूक माझीही आहे. अर्धी तरी आहेच. मी विचारलं नाही. याही वेळी विचारलं नाही. मला लाज वाटते, खरंच लाज वाटते."

बारक्याने टेप गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.  दादा वळला, शेडमध्ये गेला आणि खणातून सतराची गरारी घेऊन आला. तळहातावर मावेल एवढी, पांढरी, तेलकट. ती त्याने बारक्याच्या हातात दिली.

"दाते मोजून घे," तो म्हणाला. "उगाच माझ्या भरवशावर राहू नकोस."

बारक्याने एकेका दात्याला नख लावत मोजले. सतरा होते.

गरारी बसली. पुन्हा दहा फेरे मोजले, या वेळी दोघांचेही आकडे गल्लीभर ऐकू गेले. केबलचे फेरे वीस आणि वर जवळजवळ पाऊण. मग नळाच्या कट्ट्यावर बसून तिने कागद लिहिला. वर दादाची सही, खाली बारक्याची. पेन एकच होतं, ते दादाने बारक्याकडे सरकवलं. पण एवढं होऊनही दादा डावीकडे गेला आणि बारक्या उजवीकडे, आणि पत्रा होता तिथेच राहिला. ताईने कपाळावर हात मारून घेतला. यांचं काही होणार नाही, असं म्हणत ती घरी गेली.

शुक्रवारी अकराला साहेब केबिनमध्ये चढले, पट्टा लावला, हातात त्यांचं यंत्र. ताईने काटा साठवर आणला आणि धरला. मोजलेल्या किलोमीटरचा पहिला खुंट गेला. साहेब यंत्राकडे बघत राहिले. दुसरा खुंट आला.

"एकोणसाठला थोडं कमी," ते म्हणाले. "काटा साठ. चालेल." मग त्यांनी तो कागद पुन्हा वाचला, दोन सह्यांवर बोट फिरवलं. "आडनाव एकच दिसतंय. भाऊ का?"

"भाऊ," ताई म्हणाली.

"बरं आहे तुमचं, घरातच सगळं होतं."

तिला हसावं की रडावं कळेना. साहेबांनी दोन्ही नोटिशींवर शिक्का मारला आणि तपासायला घेतलेलं लायसन तिच्या हातात परत दिलं. खाली उतरून ट्रकच्या पायरीवर बसून तिने ते लायसन पदराने पुसलं, काही कारण नसताना. मग दादाला फोन लावला.

"दादा, पास झालं. दोन्ही रद्द."

पलीकडे दादाने मोठा श्वास सोडला. "बरं झालं गं, चिमे. फार बरं झालं." मग सवयीने म्हणाला, "त्याला सांग."

"मी नाही सांगणार." तिचा आवाज चढलाच. "मी कुणाला काही सांगणार नाही, समजलं? मी फोन ठेवतेय."

"थांब, ठेवू नकोस."

तिला बुटांचा आवाज ऐकू आला. मग पत्र्यावर थाप पडली, एक, दोन, आणि तिसरी एवढी जोरात की तिने फोन कानापासून लांब धरला. पलीकडचा हवेचा पंप बंद झाला.

"बारक्या," दादाचा आवाज आला, "ऐकतोयस का? चिमीचं काम झालं. आत्ताच फोन आला, आत्ताच. तुला लगेच कळवतोय."

ताईने फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"कळलं, दादा," बारक्या म्हणाला.